ऑस्ट्रेलियातील आप्रवासन : प्रवेशपात्रता व चारित्र्य-अट

परकीय व्यक्तीस आपल्या देशात येऊ द्यावे किंवा नाही, येऊ दिल्यास किती काळ व कोणत्या अटींवर राहू द्यावे, हे ठरविण्याचा अधिकार आधुनिक काळात प्रत्येक सार्वभौम राष्ट्राने स्वतःकडे ठेवला आहे. हा अधिकार ज्या अनुज्ञेच्या द्वारे बजावला जातो, तिला प्रवेशपत्र किंवा व्यवहारात व्हिसा असे म्हणतात. पारपत्र, म्हणजे पासपोर्ट, प्रवाशाच्या स्वतःच्या देशाचे सरकार देते; व्हिसा मात्र ज्या देशात जावयाचे, त्या देशाचे सरकार देते. कायम वास्तव्यासाठी येऊ इच्छिणाऱ्यांवर घातल्या जाणाऱ्या अटी सामान्यतः चार प्रकारच्या असतात : भाषा व शिक्षण, उपजीविकेची क्षमता, आरोग्य आणि चारित्र्य. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात ह्या चारही अटी १९०१ मध्ये एकाच कलमात एकत्र आल्या आणि वेगवेगळ्या रूपांत त्या आजही टिकून आहेत. म्हणून ह्या अटींचा इतिहास अभ्यासण्यास ऑस्ट्रेलियाचे उदाहरण विशेष उपयुक्त ठरते. अटींच्या शब्दांपेक्षा त्या लावण्याचा अधिकार कोणाला, कितपत मोकळा आणि कोणाच्या नियंत्रणाखाली होता, ह्यावरच आप्रवाशाचे भवितव्य अवलंबून राहिले, असे ह्या इतिहासावरून दिसून येते.

पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास व्हिक्टोरिया वसाहतीत सोने सापडल्यानंतर तेथे चिनी खाणकामगार मोठ्या संख्येने येऊ लागले. त्यांना आवर घालण्यासाठी १८५५ मध्ये व्हिक्टोरियाच्या विधिमंडळाने दर चिनी उतारूमागे १० पौंड कर बसविला आणि जहाजाच्या दर १० टन वजनामागे एकच चिनी उतारू आणता येईल, असा निर्बंध घातला. तो चुकविण्यासाठी अनेक चिनी मजूर शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलिया वसाहतीतील रोब बंदरात उतरले व तेथून शेकडो किलोमीटर चालत सोन्याच्या खाणींपर्यंत गेले. पुढे इतर वसाहतींनीही असेच कायदे केले. हे कायदे एका विशिष्ट लोकसमूहाचे नाव घेऊन केलेले होते.

१८९६ च्या सुमारास काही वसाहतींनी असे निर्बंध सर्व गौरेतर लोकांना लागू करणारी विधेयके संमत केली, तेव्हा ब्रिटिश सरकारपुढे पेच निर्माण झाला. भारतीय हे ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन होते आणि जपानशी ब्रिटनने १८९४ मध्ये व्यापारी करार केला होता. वंशाचा वा वर्णाचा उघड उल्लेख करणाऱ्या कायद्यास राजमान्यता देणे त्यामुळे अडचणीचे होते. ह्या पेचातून सुटण्याचा मार्ग दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीने दाखविला.

नाताळमध्ये १८६० पासून मुदतबंदीचे भारतीय मजूर नेले जात होते आणि त्यांच्यामागून स्वतंत्र व्यापारीही गेले होते. १८९६ च्या अखेरीस मुंबईहून निघालेली ‘कूरलँड’ व ‘नादेरी’ ही जहाजे डर्बनला पोहोचली. कूरलँडवर मो. क. गांधी होते. मुंबईत त्यावेळी प्लेगची साथ होती. तिचे कारण पुढे करून ह्या जहाजांवरील उतारूंना अनेक दिवस विलग्नवासात ठेवण्यात आले. ह्या दीर्घ अटकावामागे गोऱ्या वसाहतवाल्यांचे भारतीयविरोधी आंदोलन होते. १३ जानेवारी १८९७ रोजी गांधी किनाऱ्यावर उतरले, तेव्हा जमावाने त्यांच्यावर हल्ला केला. त्याच वर्षी नाताळने आप्रवासन निर्बंध कायदा केला. त्यात भारतीयांचा उल्लेख नव्हता. एखाद्या यूरोपीय भाषेच्या लिपीत अर्ज लिहिता न येणारा, निष्कांचन, वेडा, भयंकर संसर्गजन्य रोग झालेला किंवा गुन्हेगार अशा व्यक्तींना प्रवेश नाही, एवढेच त्यात म्हटले होते. १८९७ मध्ये लंडन येथे वसाहतींच्या पंतप्रधानांची परिषद भरली असता वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलिन यांनी ह्याच नमुन्याची शिफारस केली. पश्चिम ऑस्ट्रेलिया, न्यू साउथ वेल्स, टास्मानिया आणि न्यूझीलंड येथील कायदे त्यानुसार झाले.

१९०१ चा कायदा : १ जानेवारी १९०१ रोजी सहा वसाहतींचे मिळून ऑस्ट्रेलियाचे संघराज्य अस्तित्वात आले. त्याच्या संसदेने पहिल्याच वर्षी आप्रवासन निर्बंध अधिनियम केला व त्यास २३ डिसेंबर १९०१ रोजी संमती मिळाली. ‘श्वेत ऑस्ट्रेलिया’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या धोरणाचा हा कायदा मुख्य आधार होय. मजूर पक्षाला आशिया व आफ्रिका खंडांतील लोकांवर उघड बंदी हवी होती. तथापि ब्रिटिश सरकारची अडचण ध्यानात घेऊन मंत्रिमंडळाने नाताळचा आडमार्गच पसंत केला. ॲटर्नी-जनरल आल्फ्रेड डीकिन यांनी सप्टेंबर १९०१ मध्ये प्रतिनिधिगृहात केलेले विवेचन ह्या संदर्भात लक्षणीय आहे. जपानी लोकांचे दुर्गुण नव्हे, तर त्यांची अथक उद्योगशीलता, नवे काम आत्मसात करण्याची शक्ती, चिकाटी व कमी खर्चात राहण्याची तयारी हे गुणच ऑस्ट्रेलियन कामगारास धोक्याचे आहेत, असे त्यांनी प्रतिपादिले. प्रवेशबंदीचा हेतू व्यक्तीचे चारित्र्य पारखण्याचा नव्हता, हे त्यावरून स्पष्ट होते.

ह्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात निषिद्ध आप्रवाशांची यादी होती. सार्वजनिक निधीवर भार होण्याचा संभव असलेली व्यक्ती, वेडसर व्यक्ती, किळसवाणा किंवा धोकादायक संसर्गजन्य रोग झालेली व्यक्ती, वेश्या अथवा वेश्येच्या कमाईवर जगणारी व्यक्ती आणि अंगमेहनतीच्या कामाचा करार करून आलेला मजूर हे त्यात समाविष्ट होते. चारित्र्यविषयक अट अशी होती की, मागील तीन वर्षांत ज्यास राजकीय स्वरूपाचा नसलेल्या गुन्ह्याबद्दल एक वर्ष किंवा अधिक कारावासाची शिक्षा झाली असून माफी मिळालेली नाही, त्यास प्रवेश नाही. ही अट निश्चित होती. शिक्षेची मुदत, गुन्ह्याचा प्रकार व लोटलेला काळ ह्या गोष्टी कागदपत्रांवरून पडताळून पाहता येत असत.

यादीतील पहिली अट मात्र निराळी होती. अधिकारी यूरोपीय भाषेतील ५० शब्दांचा उतारा वाचून दाखवी आणि उतारूने तो त्याच भाषेत लिहून काढून त्याखाली सही करावयाची असे. हीच ‘श्रुतलेखन-कसोटी’ होय. भाषा कोणती निवडावयाची, हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर होते. उतारूस इंग्रजी येत असल्यास त्यास फ्रेंच किंवा जर्मन उतारा देता येई. कसोटी सर्वांना द्यावी लागत नसे. ज्यास प्रवेश द्यावयाचा नाही, त्यासच ती दिली जाई. नापास होणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास व हद्दपारी अशी शिक्षा होती. देशात प्रवेश मिळाल्यानंतरही एक वर्षाच्या आत ही कसोटी घेता येत असे. पुढील दुरुस्त्यांनी ही मुदत पाच वर्षांपर्यंत वाढविण्यात आली. यूरोपीय भाषांच्या उल्लेखाबद्दल जपानने नाराजी दर्शविल्यामुळे १९०५ मध्ये ‘कोणतीही विहित भाषा’ असा शब्दप्रयोग योजण्यात आला. परंतु एकही यूरोपेतर भाषा कधी विहित करण्यात आली नाही. १९०२–०३ मध्ये ८०५ व्यक्तींची कसोटी घेण्यात येऊन ४६ उत्तीर्ण झाल्या. १९०४ ते १९०९ ह्या काळात ५५४ पैकी केवळ ६ उत्तीर्ण झाल्या. १९०९ नंतर एकही व्यक्ती उत्तीर्ण झाली नाही.

कसोटीचा अन्य उपयोग : श्रुतलेखन-कसोटी मुख्यतः वर्णाच्या कारणासाठी निर्माण झाली होती, तरी अधिकाऱ्याच्या हाती आलेले साधन त्या एकाच कारणापुरते मर्यादित राहिले नाही. राजकीय मते किंवा खाजगी आचरण नापसंत असलेल्या गोऱ्या व्यक्तींविरुद्धही त्याचा उपयोग झाला. त्याची दोन उदाहरणे प्रसिद्ध आहेत.

एगॉन एर्विन किश हा प्राग येथील साम्यवादी पत्रकार व लेखक १९३४ मध्ये मेलबर्न येथील युद्धविरोधी व फॅसिझमविरोधी परिषदेसाठी आला. त्यास जहाजावरून उतरण्यास मनाई करण्यात आली. तेव्हा त्याने मेलबर्न बंदरात जहाजावरून धक्क्यावर उडी घेतली व त्यात त्याचा पाय मोडला. सिडनी येथे उच्चतम न्यायालयाचे न्यायमूर्ती एच्. व्ही. एव्हट यांनी त्यास अडकवून ठेवणे बेकायदा ठरविले. त्यानंतर त्याची श्रुतलेखन-कसोटी घेण्यात आली. किश यास अनेक यूरोपीय भाषा अवगत असल्यामुळे त्याकरिता स्कॉटलंडमधील गेलिक भाषेची निवड करण्यात आली. डिसेंबर १९३४ मध्ये उच्चतम न्यायालयाने बहुमताने असा निर्णय दिला की, कायद्याला अभिप्रेत असलेल्या अर्थाने स्कॉटिश गेलिक ही यूरोपीय भाषा नव्हे. किश काही महिने देशभर भाषणे देऊन मार्च १९३५ मध्ये परत गेला.

दुसरे उदाहरण मेबल फ्रीअर ह्या ब्रिटिश स्त्रीचे आहे. ती १९३६ मध्ये भारतातून ऑस्ट्रेलियास गेली. एका विवाहित ऑस्ट्रेलियन लष्करी अधिकाऱ्याशी तिचे संबंध असल्याचे कळल्यावरून फ्रीमँटल बंदरात तिची इटालियन भाषेतून कसोटी घेण्यात आली आणि तिला प्रवेश नाकारण्यात आला. न्यूझीलंडला जाऊन ती पुन्हा सिडनीस आली, तेव्हाही तसेच घडले. वृत्तपत्रे व संसद ह्यांत ह्यावरून मोठा गदारोळ माजला आणि १९३७ मध्ये सरकारला तिला प्रवेश द्यावा लागला. कायद्यातील चारित्र्यविषयक अटींत बसेल असे कोणतेही कृत्य तिने केलेले नव्हते. चारित्र्याबद्दलचे मत सिद्ध करण्याची जबाबदारी टाळून भाषेच्या कसोटीआड ते अंमलात आणण्यात आले, हे ह्या प्रकरणाचे वैशिष्ट्य होय.

भारतीयांची स्थिती : १९०१ पूर्वी ऑस्ट्रेलियात आलेल्या भारतीयांत उंटवाले, फेरीवाले व शेतमजूर प्रामुख्याने होते. जे आधीच स्थायिक झाले होते, त्यांना मायदेशी जाऊन परत यावयाचे असल्यास कसोटीतून सूट देणारे प्रमाणपत्र घ्यावे लागे. त्यावर छायाचित्र व हाताचे ठसे असत. १९०४ मध्ये झालेल्या व्यवस्थेनुसार भारत व जपान येथील व्यापारी, विद्यार्थी व प्रवासी ह्यांना पारपत्राच्या आधारे एक वर्षापर्यंत कसोटीविना राहण्याची सवलत मिळाली. कायम वास्तव्याचा मार्ग मात्र बंदच राहिला.

ह्या प्रश्नाशी पुण्याच्या भारत सेवक समाजाचा निकटचा संबंध आला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये स्थापिलेल्या ह्या संस्थेचे अध्यक्षपद त्यांच्या निधनानंतर व्ही. एस्. श्रीनिवास शास्त्री यांच्याकडे आले. १९२१ च्या साम्राज्य परिषदेत शास्त्रींनी भारताचे प्रतिनिधित्व केले. साम्राज्याच्या इतर भागांत कायदेशीरपणे स्थायिक झालेल्या भारतीयांचे नागरिकत्वाचे हक्क मान्य करणे इष्ट आहे, असा ठराव त्या परिषदेत झाला. दक्षिण आफ्रिकेने त्यास मान्यता दिली नाही. १९२२ मध्ये शास्त्रींनी ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व कॅनडा यांचा दौरा केला. नव्या आप्रवासनाचा आग्रह न धरता, जे तेथे आहेत त्यांना समान हक्क मिळावेत, अशी मर्यादित मागणी त्यांनी मांडली. १९२५ मध्ये ऑस्ट्रेलियाने ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेल्या रहिवाशांना संघीय निवडणुकीत मताधिकार दिला. प्रवेशाच्या अटी मात्र पूर्ववत राहिल्या.

वर्णाधिष्ठित धोरणाची अखेर : दुसऱ्या महायुद्धानंतर लोकसंख्या व उद्योग वाढविण्यासाठी १९४५ मध्ये स्वतंत्र आप्रवासन खाते निर्माण करण्यात आले. यूरोपातील विस्थापितांना मोठ्या प्रमाणावर प्रवेश मिळू लागला. १९५८ च्या स्थलांतर अधिनियमाने श्रुतलेखन-कसोटी रद्द केली. हा अधिनियम १ जून १९५९ रोजी अंमलात आला आणि अनेक दुरुस्त्यांसह तो आजही लागू आहे. कसोटीच्या जागी प्रवेश-परवान्याची पद्धत आली. परवाना देणे वा न देणे हे शासनाच्या इच्छेवर असल्यामुळे आडमार्गाची गरज उरली नाही. पण अधिकाऱ्याची मोकळीक कायम राहिली. मार्च १९६६ मध्ये हॅरल्ड होल्ट यांच्या सरकारने उपयुक्त शिक्षण व कौशल्य असलेल्या यूरोपेतर लोकांच्या अर्जांचा विचार करण्याचे जाहीर केले. १९७३ मध्ये गॉफ व्हिटलम यांच्या सरकारने आप्रवाशांच्या निवडीत वंशाचा विचार पूर्णतः वर्ज्य ठरविला आणि १९७५ मध्ये वांशिक भेदभाव प्रतिबंधक कायदा झाला.

वंश हा निकष गेल्यानंतर निवड कशाच्या आधारे करावयाची, हा प्रश्न होता. १९७९ मध्ये अनेक घटकांना गुण देणारी पद्धत सुरू करण्यात आली. वय, शिक्षण, व्यवसाय, भाषा ह्यांसारख्या बाबींना आधीच ठरविलेले गुण देऊन एकूण गुणसंख्येवर निवड करणे, हे तिचे तत्त्व होय. तपशिलात वेळोवेळी बदल झाले, तरी हे तत्त्व टिकून आहे. १९८९ च्या दुरुस्तीने पात्रतेचे निकष प्रकाशित नियमावलीत आणून अधिकाऱ्यांच्या स्वेच्छाधिकारास मर्यादा घातल्या. १ सप्टेंबर १९९४ पासून प्रवेश-परवाना व प्रवेशपत्र हा भेद नाहीसा होऊन व्हिसा ही एकच अनुज्ञा राहिली. व्हिसा नसलेल्या परकीय व्यक्तीस स्थानबद्ध करणे त्याच वेळी अनिवार्य करण्यात आले. अशा रीतीने भाषा, कौशल्य व वय ह्या बाबतींत शासनाची मोकळीक कमी होत गेली. चारित्र्याच्या बाबतीत वाटचाल उलट दिशेने झाली.

चारित्र्य-अटीचा विस्तार : १९५८ च्या अधिनियमात गुन्हेगार परकीयांच्या हद्दपारीची तरतूद होतीच. १९८३ च्या दुरुस्तीने तिला एक महत्त्वाची मर्यादा घातली. कायम रहिवाशास देशात १० वर्षे पूर्ण झाल्यानंतर केलेल्या गुन्ह्याबद्दल हद्दपार करता येणार नाही, असे ठरले. बालपणापासून एखाद्या समाजात वाढलेली व्यक्ती गुन्हेगार झाली, तर ती त्याच समाजाची जबाबदारी होय, हा विचार त्यामागे होता. परंतु १९९२ मध्ये व्हिसा नाकारण्याचा व रद्द करण्याचा एक स्वतंत्र अधिकार चारित्र्याच्या कारणावरून निर्माण करण्यात आला. पुनर्क्रमांकनानंतर तो कलम ५०१ ह्या नावाने प्रसिद्ध झाला. त्यास १० वर्षांची मर्यादा नाही.

१९९८ मध्ये ह्या कलमाची पुनर्रचना झाली व १९९९ मध्ये ती अंमलात आली. आपण चारित्र्य-कसोटीस उतरतो, अशी मंत्र्याची खात्री पटवून देण्याचा भार अर्जदारावर टाकण्यात आला. १२ महिने किंवा अधिक कारावासाची शिक्षा झालेली व्यक्ती ‘भरीव गुन्हेगारी इतिहास’ असलेली समजली जाते व आपोआप कसोटीत अनुत्तीर्ण ठरते. ही मर्यादा १९०१ च्या कायद्यातील एक वर्षाच्या मर्यादेशी जुळते. फरक एवढाच की, जुन्या कायद्यात मागील तीन वर्षांतील शिक्षाच विचारात घेतली जाई, नव्या कायद्यात काळाचे बंधन नाही. शिवाय गुन्हेगारी संघटनेशी वा व्यक्तीशी संबंध, पूर्वीचे व सध्याचे सर्वसाधारण वर्तन, आणि भविष्यात गुन्हा करण्याचा वा समाजात तेढ माजविण्याचा धोका ह्या कारणांवरूनही व्यक्ती अनुत्तीर्ण ठरू शकते. शिक्षा झालेली नसतानाही लागू होणारी ही कारणे मूल्यमापनाधिष्ठित आहेत. राष्ट्रीय हितासाठी आवश्यक वाटल्यास, बाधित व्यक्तीचे म्हणणे आधी ऐकून न घेता, मंत्र्याला स्वतः व्हिसा रद्द करता येतो.

डिसेंबर २०१४ मध्ये आणखी एक दुरुस्ती झाली. १२ महिन्यांची शिक्षा झालेली व तुरुंगात पूर्णवेळ शिक्षा भोगत असलेली व्यक्ती असेल, तर तिचा व्हिसा रद्द करणे अनिवार्य करण्यात आले. अनेक शिक्षांची बेरीज १२ महिने भरली, तरी ती भरीव गुन्हेगारी इतिहास ठरते; पूर्वी ही मर्यादा दोन वर्षांची होती. रद्दीकरण मागे घ्यावे म्हणून निवेदन करण्यास २८ दिवसांची मुदत असते. अशा प्रकारे आधी सुनावणी व नंतर निर्णय हा नेहमीचा क्रम उलटा झाला.

हनीफ प्रकरण : संबंधाच्या कारणावरून व्हिसा रद्द करण्याच्या अधिकाराची मर्यादा एका भारतीय डॉक्टरच्या प्रकरणात स्पष्ट झाली. बंगळूरचे डॉ. मोहम्मद हनीफ क्वीन्सलँड राज्यातील गोल्ड कोस्ट येथील रुग्णालयात तात्पुरत्या व्हिसावर काम करीत होते. ३० जून २००७ रोजी ग्लासगो विमानतळावर झालेल्या हल्ल्याच्या तपासात त्यांच्या दोन नातलगांची नावे पुढे आली. ब्रिटन सोडताना हनीफ यांनी आपले सिम कार्ड त्यांपैकी एकास दिले होते. २ जुलै रोजी त्यांना अटक झाली व बारा दिवसांनी दहशतवादी संघटनेस बेपर्वाईने साहाय्य केल्याचा आरोप ठेवण्यात आला. १६ जुलै रोजी दंडाधिकाऱ्याने त्यांना जामीन मंजूर केला. त्याच दिवशी आप्रवासन मंत्री केव्हिन अँड्र्यूज यांनी चारित्र्याच्या कारणावरून त्यांचा व्हिसा रद्द केला. त्यामुळे जामीन मिळूनही त्यांची सुटका होऊ शकली नाही.

२७ जुलै रोजी पुराव्याअभावी आरोप मागे घेण्यात आला. ऑगस्टमध्ये संघीय न्यायालयाचे न्यायमूर्ती स्पेंडर यांनी मंत्र्यांचा निर्णय रद्द ठरविला. निव्वळ नाते किंवा निरपराध परिचय म्हणजे कायद्यास अभिप्रेत असलेला संबंध नव्हे. त्या संबंधामुळे व्यक्तीच्या स्वतःच्या चारित्र्यावर प्रतिकूल प्रकाश पडला पाहिजे, असा ह्या निर्णयाचा आशय आहे. डिसेंबर २००७ मध्ये पूर्णपीठाने तो कायम केला. २००८ च्या क्लार्क चौकशी अहवालाने आरोपास पुरेसा आधार नव्हता, असा निष्कर्ष काढला आणि २०१० मध्ये हनीफ यांना भरपाई देण्यात आली. फौजदारी न्यायालयात आरोप सिद्ध करावा लागतो. व्हिसाच्या बाबतीत मात्र वाजवी संशय पुरेसा मानता येतो. ह्या दोन मापांतील अंतर किती परिणामकारक असते, हे ह्या प्रकरणावरून दिसले.

दीर्घकालीन रहिवासी : कलम ५०१ चा सर्वांत तीव्र परिणाम नागरिकत्व न घेता दीर्घकाळ राहिलेल्या लोकांवर झाला. स्वीडनमध्ये जन्मलेला नीस्ट्रम हा अवघ्या २७ दिवसांचा असताना ऑस्ट्रेलियात आला होता. गंभीर गुन्ह्यांबद्दल शिक्षा झाल्यामुळे त्याचा व्हिसा रद्द झाला. १० वर्षांच्या मर्यादेचा त्यास लाभ मिळत नाही, असे २००६ मध्ये उच्चतम न्यायालयाने ठरविले आणि जेथील भाषा त्यास येत नव्हती, त्या स्वीडनमध्ये त्याची रवानगी झाली. २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने ह्या कृतीने त्याच्या हक्कांचे उल्लंघन झाल्याचे मत नोंदविले. २०१४ नंतर न्यूझीलंडचे अनेक नागरिक असे परत पाठविले गेले. लहानपणीच ऑस्ट्रेलियात आलेल्या लोकांचाही त्यांत समावेश असल्यामुळे दोन्ही देशांत राजनैतिक कटुता आली. २०२० मध्ये न्यूझीलंडच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी सिडनी येथे ह्याबद्दल जाहीर नापसंती व्यक्त केली. २०२३ च्या निदेशाने रहिवाशाचे ऑस्ट्रेलियाशी असलेले संबंध अधिक महत्त्वाचे मानले. जून २०२४ मध्ये नवा निदेश काढून समाजाच्या सुरक्षिततेस अग्रस्थान देण्यात आले.

लव्ह व टॉम्स खटल्यात ह्या कलमातून अगदी निराळाच प्रश्न उद्‌भवला. अनुक्रमे पापुआ न्यू गिनी व न्यूझीलंड येथे जन्मलेल्या ह्या दोघांचे व्हिसा शिक्षेमुळे रद्द झाले होते. तथापि ते मूळच्या आदिवासी वंशाचे होते. ज्यांचे पूर्वज हजारो वर्षे ह्या भूमीत राहिले, त्यांना संविधानाच्या अर्थाने परकीय म्हणता येईल काय, असा प्रश्न होता. ११ फेब्रुवारी २०२० रोजी उच्चतम न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी नकारार्थी उत्तर दिले. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने आणखी एक मर्यादा घातली : ज्या व्यक्तीस नजीकच्या भविष्यकाळात देशाबाहेर पाठविण्याची वास्तविक शक्यता नाही, तिला अनिश्चित काळ स्थानबद्ध ठेवणे संविधानविरोधी आहे.

सद्यःस्थिती : कुशल कामगारांच्या गुणाधिष्ठित व्हिसासाठी अर्जदाराचे वय ४५ वर्षांपेक्षा कमी असावे लागते. व्यवसायाच्या कौशल्याचे मूल्यमापन प्राधिकृत संस्थेकडून करून घ्यावे लागते, इंग्रजीची मान्यताप्राप्त परीक्षा द्यावी लागते आणि किमान ६५ गुण मिळवावे लागतात. आरोग्य-तपासणी सर्वांना असते. चारित्र्याच्या पुराव्यासाठी मागील १० वर्षांत ज्या ज्या देशात एकूण १२ महिने वा अधिक वास्तव्य झाले, तेथील पोलीस-प्रमाणपत्र मागितले जाते. भारतात ते पारपत्र कार्यालयामार्फत मिळते. महाराष्ट्रातील अर्जदारांसाठी मुंबई, पुणे व नागपूर येथे, तर गोव्यातील अर्जदारांसाठी पणजी येथे अशी कार्यालये आहेत. अर्जात खोटी माहिती देणे वा शिक्षा लपविणे हेही व्हिसा नाकारण्याचे कारण ठरते. अधिकाऱ्याने चारित्र्याच्या कारणावरून घेतलेल्या निर्णयाविरुद्ध न्यायाधिकरणाकडे जाता येते. १९७६ पासून काम करणाऱ्या प्रशासकीय अपील न्यायाधिकरणाची जागा ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रशासकीय पुनर्विलोकन न्यायाधिकरणाने घेतली. मंत्र्याने स्वतः घेतलेल्या निर्णयाविरुद्ध असा गुणदोषांवर आधारित फेरविचार होत नाही. तेथे केवळ कायदेशीरपणाची न्यायालयीन तपासणी होऊ शकते. २०२१ च्या जनगणनेत भारतात जन्मलेल्या रहिवाशांची संख्या सु. ६ लाख ७३ हजार असून परदेशी जन्मलेल्यांत इंग्लंडनंतर त्यांचाच क्रमांक लागतो.

मूल्यमापन : १९०१ आणि आजची स्थिती ह्यांची तुलना केल्यास भाषेची अट दोन्ही काळांत आढळते, पण त्या दोहोंचे स्वरूप भिन्न आहे. श्रुतलेखन-कसोटीत भाषा अधिकारी ऐनवेळी निवडीत असे आणि नापास करणे हाच तिचा हेतू होता. आजच्या परीक्षेची भाषा व पातळी आधी जाहीर असते, ती सर्व अर्जदारांना सारखी असते व पुन्हा देता येते. भाषेची अट अशा रीतीने नियमबद्ध झाली. चारित्र्याची अट मात्र १९०१ मध्ये निश्चित व मर्यादित होती; ती पुढे व्यापक व स्वेच्छाधीन होत गेली. गंभीर गुन्हेगारांपासून समाजाचे संरक्षण करणे हे शासनाचे कर्तव्य आहे आणि त्यासाठी काही मोकळीक आवश्यक असते, असे ह्या विस्ताराचे समर्थन केले जाते. उलटपक्षी, ‘सर्वसाधारण वर्तन’ किंवा ‘संबंध’ ह्यांसारखे शब्द कोठवर ताणता येतात, हे किश, फ्रीअर व हनीफ ह्यांच्या प्रकरणांवरून दिसते. ह्या तिघांपैकी किश व हनीफ ह्यांना न्यायालयाने, तर फ्रीअर हिला लोकमताच्या दडपणाने न्याय मिळाला. ज्या आप्रवाशांच्या बाजूने वकील, वृत्तपत्रे वा संसदसदस्य उभे राहिले नाहीत, त्यांच्या बाबतीत अधिकाऱ्याचा निर्णयच अखेरचा ठरला. १९०९ नंतर कसोटी दिलेल्या व एकाही यशाची नोंद नसलेल्या उतारूंची गणना त्यांतच करावी लागते.